मेलेल्या शॉकअपशी कुस्ती

दिवाळीच्या पाडव्याला भाचा पुण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आला आणि चहा व्हायच्या आतच मला अंगणात घेऊन गेला. "मामा, जरा वाका. चाकाच्या आत बघा." वाकलो. मडगार्डच्या आतल्या अंधारात, वाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्यांमध्ये, मांडवात नवरदेव उभा असावा तसा एक रंगीत शॉकअप चमकत होता. चारही चाकांना तसलेच. "गाडी बदलली मामा, अक्षरशः बदलली. वळणावर झुकतच नाही. डांबराला चिकटून जाते. कंपनीवाले स्वस्तातला मऊ माल लावून मोकळे होतात. घट्ट शॉकअप टाकल्यावर कळतं गाडी काय आहे ते."

कंपनीचे शॉकअप टाकाऊ, घट्ट तेच चांगले, आणि भारी शॉकअप लावले की गाडी झुकायची थांबते. हे तीन दावे मी गेली वीस वर्षं ऐकतोय. गॅरेजच्या बाकड्यावर, टायरवाल्याकडे अलाइनमेंटची वाट बघताना, एकदा तर तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीत. प्रत्येकात चिमूटभर खरं आहे. निव्वळ थाप असती तर चहाबरोबर संपली असती. त्या चिमूटभर खऱ्यामुळेच ती टिकते आणि खोडायला पानंच्या पानं लागतात.

मी भाच्याला एकच विचारलं. "जुने कुठेत?"

जुने डिकीत होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मागच्या चाकाचा एक उचलला, अंगणातल्या फरशीवर उभा धरला आणि दांड्यावर तळहात ठेवून दाबला. सायकलच्या पंपाचा वायसर गेला की दांडा जसा सुळकन खाली जातो, तसा गेला आणि तिथेच बसला. वर यायचं नाव नाही. ओढून वर काढला, पुन्हा दाबला, तर अर्ध्या वाटेवर दोन बोटं जागा अशी की हाताला काही लागतच नव्हतं, नुसती पोकळी. आतून पचपच आवाज. नळकांड्यावर तेल आणि धूळ यांचा थर बसलेला, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला.

"किती चालली गाडी?"

"बहात्तर."

७२ हजार किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने एक किलोमीटरला एक मिनिट लागतं. सेकंदाला एकदाच हा दांडा आत-बाहेर झाला असं धरलं, आणि हे फारच कमी धरलंय, तरी ४३ लाखांच्या वर हेलपाटे झाले. तेल पातळ झालं, सील झिजली, आतल्या पडद्यांची ताकद गेली. हे सगळं रोज तीळतीळ होत गेलं, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला काहीच कळलं नाही. चष्म्याचा नंबर वाढतो तसं हे असतं. नवा चष्मा घातल्यावर समोरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसतात आणि माणूस दुकानदाराचे आभार मानतो. काचा जर्मन असोत की सदाशिव पेठेतल्या, पानं तेवढीच सुटी दिसली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाच्याने नव्या शॉकअपची तुलना केली ती कंपनीच्या शॉकअपशी नव्हेच, कंपनीच्या मेलेल्या शॉकअपशी केली. मेलेल्या पैलवानाला चीतपट करून गदा मिरवणारे मी खूप पाहिलेत. घट्टपंथीयांचा सगळा पुरावा असाच गोळा झालेला असतो, कारण नवी कोरी गाडी शोरूममधून आणून दुसऱ्या दिवशी शॉकअप बदलणारा लाखात एखादा. बाकी सगळे गाडी खिळखिळी झाल्यावरच त्या दुकानाची पायरी चढतात. तिथून बाहेर पडताना गाडी सुधारलेली असतेच. ती कशाने सुधारली, नवेपणाने की नाममुद्रेने, याचा निवाडा तिथे होऊच शकत नाही.

आता थोडं नावाबद्दल, कारण निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. शॉकअप हे शॉक ॲब्सॉर्बरचं बोलीतलं नाव. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचं निष्ठेने 'धक्काशोषक' केलं. धक्का शोषते ती स्प्रिंग. त्याआधी टायरमधली हवा. शॉकअपचं काम वेगळंच आहे. स्प्रिंगने एकदा धक्का खाल्ला की ती झोका घ्यायला लागते, तो झोका मोडायचा. घरच्या झोपाळ्यावर बसून आपण पायाचा तळवा फरशीवर घासत ठेवतो ना, तो तळवा म्हणजे शॉकअप. कड्या आणि पाट वजन पेलतात, तळवा फक्त हेलकावा मोडतो. इंग्रज याला डॅम्पर म्हणतात, तेच बरोबर.

जुन्या वाहनांना हा तळवा वेगळा लावायची फारशी गरज नव्हती. टांग्याला, ट्रकला, एसटीला खाली कमानपाटे असत. एकावर एक रचलेले पाटे दबताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच बराचसा झोका मरतो. ॲम्बॅसिडरच्या मागच्या बाजूला पाटेच होते. गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये असं घासायला काही नसतं, तिला मोकळी सोडली तर ती नाचत राहते. म्हणून मोटारी मऊ झाल्या, वेगवान झाल्या, तशी तेलाच्या शॉकअपची गरज वाढत गेली. फोर्डच्या मॉडेल ए ला, म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटी, फ्रान्सच्या मॉरिस उदाय याच्या आराखड्याचे तरफेसारखे हात असलेले तेलाचे शॉकअप होते. आजच्या नळीत एक दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं, भोकांवर पातळ पोलादी चकत्या. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं. दांडा हळू हलला तर तेल सहज वाट काढतं, जोरात हलला तर अडतं. अडताना तापतं. झोक्याची सगळी शक्ती अशी उष्णता होऊन हवेत जाते. खराब रस्त्यावरून तासभर आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून बघा, चटका बसेल.

यातली कळीची गोष्ट अशी की शॉकअपचा विरोध दांड्याच्या *वेगाला* असतो. दांडा थांबला की शॉकअपही थांबला.

हे एकदा डोक्यात बसलं की "वळणावर झुकतच नाही" या दाव्याचं काय होतं ते बघू. एक लांबलचक, एकसारखं वळण घ्या, महामार्गावरून उड्डाणपुलावर चढणारा गोल रस्ता घ्या. गाडी वळणात शिरते, झुकते आणि मग झुकलेल्याच अवस्थेत ते वळण पुरं करते. झुकून झाल्यावर दांडा हलत नाही. मग तिथे शॉकअप कितीही भारी असो, त्याला बोलायला जागाच नाही. किती झुकायचं ते ठरवतात स्प्रिंगा, दोन चाकांना जोडणारा तो आडवा स्टॅबिलायझर बार आणि गाडीच्या वजनाचा मध्य किती उंचावर आहे ते. शॉकअप फक्त ठरवतो, त्या झुकण्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल. मेलेल्या शॉकअपवर गाडी धपकन कलंडते, जास्तच कलते, मग परत येते. चांगल्यावर ती सावकाश, एका दमात कलते आणि तिथे राहते. डावं-उजवं असं झटपट वळण असेल तर पुरतं झुकायच्या आतच वळण संपतं आणि माणसाला वाटतं, झुकलीच नाही. हेच ते चिमूटभर खरं.

आता 'चिकटण्या'चा हिशेब. समजा गाडी १,००० किलोची, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. वळणावर गाडी बाहेर खेचली जातेय ती तिच्या वजनाच्या ४० टक्के जोराने, म्हणजे बरंच जोरात, मागे बसलेली आजी दाराला टेकेल इतकं. या हिशेबाने आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं सुमारे १३३ किलो वजन. या गणितात शॉकअप कुठेच येत नाही. खरं तर स्प्रिंगही येत नाही. उंची, रुंदी, वजन आणि तुमचा वेग. शॉकअप बदलून १३३ चे १०० होत नाहीत. गुळगुळीत डांबरावरच्या एकसारख्या वळणात रस्त्याला धरून ठेवायचं काम टायरचं आहे. पण टायर काळा असतो आणि सगळ्यांच्याच गाडीला असतो, त्यामुळे पाडव्याला वाकून दाखवावा असा नव्हे.

मग शॉकअप पकड देतच नाही का? देतो, पण खडबडीत रस्त्यावर. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झोका घेतो. खाली चाक, त्याचा हब, ब्रेक हे सगळं मिळून टायरच्या लवचीकपणावर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतं. एकाच नळीतल्या एकाच दट्ट्याने हे दोन्ही सांभाळायचे असतात. सांगाड्याचा संथ झोका मोडायला ती घट्ट हवी. चाकाला खड्ड्यात उतरून पुन्हा वर यायला ती मोकळी हवी. फार मोकळी ठेवली तर चाक रस्त्यावर नाचतं. फार घट्ट केली तर चाक खड्ड्याच्या तोंडावरून तरंगत जातं, कारण खाली उतरायला त्याला वेळच मिळत नाही. दोन्हीकडे टायर क्षणभर रस्ता सोडतो. ज्या क्षणी सोडतो त्या क्षणी तुमच्याकडे ना ब्रेक असतो, ना स्टिअरिंग. म्हणून घट्ट म्हणजे चांगला हे समीकरण चुकीचं आहे. घट्ट म्हणजे घट्ट, एवढंच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, पदरचे पैसे घालून कळलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही घट्टपंथी होतो. माझ्या छोट्या गाडीची पुढून 'ठक-ठक' यायला लागली. एका दुकानात त्या ठकठकीवर उपाय म्हणून चार परदेशी शॉकअप गळ्यात मारले, मी हौसेने मारून घेतले. शहरात गाडी एकदम मर्दानी वाटायला लागली. पुढच्याच आठवड्यात महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. पावसाळा नुकताच संपलेला, वळणांच्या कडा उखडलेल्या, खडी वर आलेली. एका डाव्या वळणात रस्त्याला पत्र्याच्या छपरासारख्या पन्हाळ्या पडल्या होत्या. गाडीचा मागचा भाग त्यांवरून टक्-टक्-टक् करत, वळणाच्या बाहेर, दरीच्या अंगाला सरकला. हातभर. वेग पस्तिसाच्या वर नव्हता. जुन्या मरगळलेल्या शॉकअपवर ती तिथे डुलली असती, पण सरकली नसती बहुतेक. बायकोने शांतपणे विचारलं, "ही बैलगाडी कितीला पडली?" मी आकडा सांगितला नाही. बैलगाडीला निदान स्प्रिंग नसते, त्यामुळे ती कसला आवही आणत नाही.

आणि ठकठक? ती तशीच होती. साताऱ्यातल्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली, पहारीने चाक खालून उचकटून पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगितलं. स्टॅबिलायझरची लिंक रॉड आणि स्ट्रटचं वरचं माउंट. जे झिजलं होतं ते काही शे रुपयांचं होतं. जे बदललं ते नुसतं वयस्कर होतं. गाडीच्या पोटातला आवाज बहुतेक वेळा रबराचा असतो, बुशचा, माउंटचा, लोअर आर्मच्या टोकाचा. शॉकअप मरताना सहसा आवाज करत नाही. तो काम करायचं सोडून देतो, एवढंच.

"पण कंपनीवाले स्वस्तातला माल लावतात हे तरी खरं की नाही?" भाचा म्हणाला. खरं आहे. प्रत्येक नटबोल्टमागे पैसे वाचवणारी माणसं त्या कारखान्यांत पगारावर ठेवलेली असतात. पण स्वस्त आणि चुकीचं या दोन गोष्टी आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ने त्यावरून आरामात जाता यावं म्हणून. आपल्या गावाच्या वेशीवरचा गतिरोधक दोन हात रुंद आणि वीतभर उंच असतो, सरपंचांच्या पुतण्याने ट्रॅक्टर-ट्रॉलीतून डांबर आणून एका रात्रीत घातलेला, वर ना पट्टा ना पाटी. त्यावरून पाच माणसं, दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं घेऊन जाणारी गाडी खाली आदळू नये आणि एकटा ड्रायव्हर असताना उडूही नये, हे दोन्ही कंपनीच्या माणसाला एकाच शॉकअपमध्ये बसवायचं असतं. ही माणसं काही आल्प्सच्या पायथ्याशी बसलेली नाहीत. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकणला आणि नाशिकला आहेत. शॉकअप बनवणारे आपल्याच रस्त्यांवरून घरी जातात.

त्यात जोडीचा प्रश्न असतो. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एक साधी गोष्ट पक्की केली. पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं क्षणभराने. मग पुढचा झोका थोडा संथ आणि मागचा थोडा जलद ठेवला तर मागचा पुढच्याला गाठतो आणि गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे न डोलता सपाट राहते. पुढे-मागे कोणती स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगला किती शॉकअप, हे असं जुळवून ठेवलेलं असतं. दुकानदार म्हणतो, "आत्ता पुढचे दोन टाका, मागचे पुढच्या दिवाळीला बघू." तेव्हा ही जुळणी तो कात्रीने कापत असतो.

कापण्यावरून आठवलं. शॉकअपच्या नावाखाली आणखी एक वस्तू खपते, तिच्याबद्दल मला सौम्य शब्द सापडत नाहीत. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांच्या मध्ये ठोकून बसवायचं रबरी कडं. कुणी बफर म्हणतो, कुणी ॲडजस्टर. "गाडी इंचभर वर येते, खाली लागत नाही, शॉकअपचं आयुष्य वाढतं." वर येते हे खरं. रबर अडकवल्यावर ते वेढे काम करायचे थांबतात, स्प्रिंगचे कामाचे वेढे कमी होतात, म्हणजे स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक झाली तर झोक्याचा वेग सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. जो शॉकअप जुन्या झोक्यासाठी मापून दिला होता, त्याच्याच डोक्यावर आता हा जास्त चपळ झोका मोडायचं काम येतं, ताकद मात्र तेवढीच. त्याचं आयुष्य वाढतं म्हणणं म्हणजे हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं ठेवून त्याला विश्रांती दिली म्हणणं. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगा कापणाऱ्यांचा उद्योग तर याहून वाईट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस खाली वाकून आधी हेच बघणार, मामासारखं कौतुकाने नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा माणूस कंपनीचा दलाल दिसतो, चांगला शॉकअप म्हणून काही असतं हेच याला मान्य नाही. मान्य आहे. आणि जे मला मान्य आहे ते घट्टपंथीयांना सांगताच येत नाही, हीच माझी तक्रार आहे.

नेहमीच्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडा वायू. लांब, सलग खराब रस्त्यावर तेल तापतं, घुसळलं जातं, त्यात बुडबुडे मिसळतात आणि फेस झाला की शॉकअप पोकळ पडतो. फ्रान्सच्या बुर्सिए द कार्बों याने यावर उपाय काढला. एकच नळी, आणि तेलापासून तरंगत्या दट्ट्याने वेगळा ठेवलेला, २०-३० बार दाबाचा नायट्रोजन. बिलश्टाइनने हा शॉकअप १९५७ मध्ये मर्सिडीजला पुरवला. दाबाखालच्या तेलाला सहज फेस येत नाही, आणि एकाच भिंतीमुळे उष्णता लवकर बाहेर पडते. वाड्यावस्त्यांच्या कच्च्या रस्त्यांवर दिवसभर माणसं भरून जीप पळवणाऱ्याला, घाटात रॅली चालवणाऱ्याला, सदैव मागची सीट भरलेल्या टॅक्सीवाल्याला याचा फायदा खरा आहे, आणि तो पैसे मोजून घ्यावा. पण याची दुसरी बाजूही त्याच दुकानदाराने सांगायला हवी. एकनळीचा शॉकअप वायूच्या दाबाने गाडी किंचित वर उचलतो, बारीक खडबड जास्त जाणवून देतो, आणि बाहेरची भिंत हीच कामाची भिंत असल्याने एखादा दगड उडून पोचा पडला तर दट्ट्या अडकू शकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून पोचा पडला तर बहुतेक वेळा आतल्या नळीला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे खडी उडत नाही असा रस्ता कुठाय?

एकाच शॉकअपने मऊ आणि घट्ट दोन्ही व्हावं ही इच्छा इतकी जुनी आणि इतकी अवघड आहे, की त्यासाठी २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका मोटारीत लोखंडाचे सूक्ष्म कण असलेलं तेल आणि दट्ट्यात विजेचं वेटोळं घालावं लागलं. चुंबकाने तेलच क्षणात दाट किंवा पातळ होतं. भाच्याच्या रंगीत नळीत असलं काही नाही. तिच्यात कुणीतरी एक तडजोड निवडलेली आहे, कंपनीने निवडली तशीच. फक्त ती निवडणाऱ्याने आमच्या वेशीवरचा गतिरोधक पाहिलेला नाही.

आणि जाता जाता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही, जी एव्हाना मान डोलवत असतील. "तेल गळत नाही ना, मग चालतंय की" म्हणणारे तुम्ही. नळीवर किंचित ओल असणं नेहमीचं असतं, आणि शॉकअप एक थेंब न गाळताही मरतो. बॉनेटवर हात देऊन गाडी दाबायची आणि एकदाच उसळली म्हणून शाबासकी द्यायची, ही परीक्षा फक्त पुरता मेलेलाच ओळखते, कारण हाताने दांडा रस्त्यावरच्यासारखा वेगाने हलतच नाही. टायरवरून तळहात फिरवा. रबर जागोजागी वाटीसारखं खोल झिजलेलं लागलं तर शॉकअपचं बघा. तुमच्या मागच्या गाडीतल्या माणसाला विचारा, स्पीडब्रेकरनंतर तुमची डिकी किती वेळा नमस्कार करते. तुम्ही वाचवलेले पैसे टायरवाल्याकडे जमा होतायत.

भाच्याचा निकाल मात्र रस्त्यावरच लावायचा होता. शेजारी एक निवृत्त सर राहतात, त्यांची गाडी भाच्याच्याच गाडीची बहीण, तीन वर्षांनी थोरली. गणपतीच्या आधी मिस्त्रीने तिचे चारही शॉकअप कंपनीचे टाकले होते, लोअर आर्मचे बुश आणि वरची माउंटही. सरांकडून किल्ली आणली. टायरमधली हवा दोन्ही गाड्यांत सारखी करून घेतली, भाच्याच्या गाडीत चार पाउंड जास्त निघाली. मग संध्याकाळी यवतेश्वरचा घाट, आधी त्याची गाडी, मग सरांची. तोच चालवणार, मी शेजारी.

सरांच्या गाडीतल्या तिसऱ्या वळणावर तो म्हणाला, "सरांनी कुठले टाकलेत?"

"तुला काय वाटतं?"

"साधे नाहीत हे."

वर देवळाजवळ थांबलो. तो मोबाईलचा उजेड घेऊन चाकाच्या आत वाकला. काळा शॉकअप, कंपनीचा कागदी स्टिकर अर्धा निघालेला. बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा लगेच म्हणाला, "पण ब्रेक मारला की ही पुढून जास्त बसते, मामा. आणि डाव्या-उजव्या जोडवळणात माझी लवकर सावरते." दोन्ही खरं होतं, मलाही जाणवलं होतं. उतरताना काँक्रीटच्या सांध्यांवर त्याची गाडी दात वाजवत होती, सरांची नव्हती, हे मी सांगितलं आणि त्यानेही कबूल केलं. फरक होता. त्याच्या चार शॉकअपच्या पैशात सरांचे चार शॉकअप, सगळे बुश, मजुरी, अलाइनमेंट येऊन वर टायरची जोडी आली असती. त्या फरकाला ती किंमत द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. अंगणात दाखवला होता तो फरक मात्र हा नव्हता.

भाऊबीजेला तो निघाला. हार मानली असं काही म्हणाला नाही, आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. डिकीत बॅगांना जागा करायला त्याने ते चार जुने शॉकअप उतरवून पडवीत ठेवले. दोन मी भंगारवाल्याला किलोवर दिले. दोन ठेवलेत. परवा समोरचा मुलगा नव्या शॉकअपचे फोटो घेऊन आला होता, त्याला आधी त्यातला एक उभा धरून दाबायला दिला.